जादा टाकी

लेक आणि वैमानिक जावई लांब राहायला गेले, तेव्हा जावयाने आपलं चिमुकलं विमान सासऱ्याच्याच हँगरमध्ये आणलं. सासरा मुरलेला मेकॅनिक होता.

"बाबा, एक जादा टाकी बसवा. वाटेत इंधनासाठी उतरायला नको, थेट तुमच्याकडे येऊ."

सासऱ्याच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. तीन दिवस त्याने कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. मागची सीट काढून तिथे टाकी आवळली, नळ्या जोडल्या. थेंबभर गळती नाही!

"अशी बसलीय, की भूकंपात हलायची नाही," म्हणत तो विमानात कुठे किती वजन, याचा नवा तक्ता भरायला बसला. जुना तक्ता समोर ठेवून एकेक ओळ उतरवू लागला. वैमानिक. शेजारी लेक. मागच्या सीटवर नात, सतरा किलो.

पेन तिथेच थांबलं. त्याने टाकीकडे पाहिलं, मग जावयाकडे. जावयाने मान खाली घातली.

"डोकं फिरलं होतं का आपलं दोघांचं?" म्हातारा कडाडला आणि पाना उचलून त्याने टाकीचा पहिला बोल्ट सैल केला. "वाटेत चारदा उतरा, जावईबापू. पण तिघं या."