आठ अक्षरांचा शब्द

थायलंडमधल्या खोन केनच्या शाळेत नोयला सगळे ओळखत ते तिच्या इंग्रजी शब्दांमुळे. इंग्रजी बोलायला तिची जीभ वळत नसे. पण अक्षरांच्या सोंगट्या जोडून शब्द मांडायच्या खेळात तिच्यापुढे कोणी टिकत नसे. थोरला भाऊ थनेत तिची तयारी करून घेई. खुद्द इंग्रजांनीही कधी ऐकले नसतील असे शब्द तो तिच्याकडून घोकून घ्यायचा.

"दादा, ह्याचा अर्थ काय रे?"

"अर्थाचं काय लोणचं घालायचंय? गुण अक्षरांना मिळतात. पुढचा घे."

आई शेजारीच गाडीवर विकायला कच्ची पपई उखळात कुटत असायची. "कुठली भुतं बोलावताय रे?" म्हणून हसायची.

त्या वर्षी आईला मुसळ उचलेना. चिकट भाताचा घासही नकोसा झाला. इस्पितळात डॉक्टरबाईंनी तिला तपासलं आणि त्या सोबतच्या डॉक्टरांना हळूच म्हणाल्या, "कॅकेक्सिया."

नोयचा चेहरा उजळला. "आई, हा येतो मला! आठ अक्षरं. ह्याच शब्दावर मी उदोन शहरातल्या मुलीला हरवलं होतं."

"बघा, माझ्या लेकीला डॉक्टरांचं इंग्रजी कळतं!" आई कौतुकानं म्हणाली. "मग सांग की, काय झालंय मला?"

नोयनं डॉक्टरबाईंकडे बघितलं. त्यांनी तिला बाहेर नेलं. पोटातल्या गाठीमुळे शरीर झिजत चाललंय, आता खाल्लेलं अंगी लागणार नाही, असं सांगितलं.

ती आत आली तेव्हा आई वाटच बघत होती.

"अशक्तपणा," नोय म्हणाली. "नुसता अशक्तपणा आहे."

"अगं बाई, एवढ्याशा दुखण्याला केवढा शब्द!"

थंडीत आई गेली.

त्यानंतर नोय शब्दकोशात एकेका शब्दाचा अर्थ बघू लागली. बँकॉकच्या स्पर्धेत सोंगट्या चांगल्या आल्या, शब्दही सुचले. पण प्रत्येक शब्दाबरोबर त्याचा अर्थ समोर उभा राहायचा आणि हात थबकायचा. वेळ संपत गेला. ती पहिल्याच दिवशी बाहेर पडली.

परतीच्या बसमध्ये थनेत म्हणाला, "अर्थ बघत बसलीस, म्हणून हरलीस."

"आईसमोर हसले होते मी, दादा. तो शब्द ऐकून खूश झाले होते."



"मलाही माहीत नव्हता गं त्याचा अर्थ," थनेत म्हणाला, आणि त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं.