नजराण्यातून परत आलेली घोंगडी

मित्रांनो, कसरीने मला जागोजागी खाल्ले आहे, तरी मी घोंगडी आहे एवढे तुम्हाला ओळखू येईल. रखडलेल्या कामाला लोक भिजत घोंगडे म्हणतात, याचा मला फार राग येतो. माझ्यावर बसून ठरलेले काम कधी रखडले नाही.

पासलीच्या गेनबा धनगराच्या मेंढ्यांची मी लोकर. भोरच्या सांगराने मला विणले आणि वेल्ह्याच्या रस्त्यावर खडी फोडणाऱ्यांच्या मजूर संघाने मला घेतले. संघाची एक रीत होती. बोलणाऱ्याने वहाणा काढून माझ्यावर यायचे, आणि माझ्यावर दिलेला शब्द फिरवायचा नाही.

त्या वर्षी भोर संस्थानच्या सभेत अंदाजपत्रकावर चर्चा होती. संघाच्या वतीने बोलणाऱ्या चिमाजीला तिथे एकच मागणी मांडता येणार होती. विंझरला बैठक भरली. मजुरी वाढवून मागायची, असे सगळ्यांच्या मनात होते. चिमाजीच्याही होते. तेवढ्यात खडी फोडणारी सगुणाबाई माझ्यावर आली.

"मजुरी मलाबी पायजे," ती म्हणाली. "पर माजं तान्हं पोर खडीच्या ढिगाकडंला उन्हात निजतंय. ते जगलं तर मजुरीचा उपेग. आदी त्याला सावली मागा."

मग चिमाजी वहाणा काढून माझ्यावर आला. "बाई, आमच्या हे ध्यानातच आलं न्हाई. आदी सावलीच मागीन. शब्द दिला."

भोरला तो मला घडी घालून काखेत घेऊन गेला. दारातल्या शिपायाला वाटले, हा नजराणा आहे. त्याने मला उचलून नारळ आणि शेल्यांच्या शेजारी ठेवले. आयुष्यात पहिल्यांदाच मी एवढ्या थाटात बसले, आणि जिवाचे पाणी पाणी झाले.

चिमाजीचे नाव पुकारले गेले. तो उठला आणि आधी मला घ्यायला निघाला. शिपाई त्याच्या कानाशी लागला, "नजराणा परत मागू नका. अपमान होईल, तुमची पाळी जाईल."

चिमाजीने अध्यक्षांना हात जोडले. "सरकार, ती घोंगडी नजराण्याची न्हाई. आमच्या समद्या माणसांची हाय. तिच्यावर शब्द देऊन आलोय. ती मिळाली तरच बोलंन."

सभेत हशा पिकला. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. त्यांनी मला परत द्यायला सांगितले. चिमाजीने मला जमिनीवर अंथरले आणि तो अनवाणी उभा राहिला.

"मजुरी नको का मग?" एका सभासदाने खोचकपणे विचारले.

"पायजे की. पर ती पुढच्या साली मागू. औंदा पोरांना सावली द्या."

अंदाजपत्रकात छपराची तरतूद झाली. असा ताठ माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आता मी अडगळीत पोत्यांवर पडून असते. मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, झटका. आणि तुमची बैठक भरेल तेव्हा मला अंथरून, जे माणूस अजून बोललेच नाही त्याला आधी बोलू द्या.

छपर उभे राहिले त्या दिवशी सगुणाबाईने मला सावलीत पसरले आणि पोराला माझ्यावर ठेवले. बाहेर घणाचे घाव चालूच होते. पोर कूस वळून झोपी गेले.