माझी डावी बाजू

मी एक जुनी सतरंजी आहे, मित्रांनो. निळे-करडे पट्टे, एका कोपऱ्यात कुरतडल्याचं भोक आणि कितीही झटकलं तरी न सुटणारे कुत्र्यांचे केस, ही माझी ओळख. मागावरून उतरवताना विणकर म्हणाला होता, "हत्ती नाचवला तरी फाटायची नाही." हत्ती काही आला नाही, दोन कुत्री मात्र आली.

या घरातल्या आईने मला विकत आणलं ते थेट गाडीच्या डिकीत अंथरलं. थोराड कुत्रा 'आजोबा' माझ्या डाव्या बाजूला बसे आणि चिमुकली कुत्री 'टिकली' उजव्या. वाटणी त्यांची त्यांनीच केली होती. वाटेत झाडाखाली माझ्यावरच पंगत बसे. "ही सतरंजी नसेल तर सहल कसली?" असं आई म्हणे आणि मी मनातल्या मनात फुगून जाई.

बाबा शाळेची बस चालवत. माणसं मोजल्याशिवाय गाडी हलवायची नाही, ही सवय त्यांच्या हाडीमाशी खिळलेली. घरच्या गाडीतही प्रत्येक थांब्यानंतर हजेरी होई. कुत्र्यांच्या वतीने थोरला मुलगा मागे वळून, दोघांना थोपटून ओरडे, "आजोबा हजर! टिकली हजर!"

दोन वर्षांपूर्वी आम्ही एका पेट्रोल पंपावर थांबलो. मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा, डोळे मोबाईलमध्ये. बाबांनी हजेरी घेतली. मान न वळवताच तो म्हणाला, "आजोबा हजर, टिकली हजर." मित्रांनो, माझी डावी बाजू हलकी होती. मला कळलं होतं, पण मला तोंड कुठे होतं? टिकली जीव तोडून भुंकत होती. मुलाची धाकटी बहीण तिला म्हणाली, "गप गं!"

तासाभराने सगळ्यांच्या लक्षात आलं. गाडी उलटी पळाली. पंपावर आजोबा नव्हता. हाका मारून मारून सगळ्यांचे घसे बसले. शेवटी मुलगा पुटपुटला, "मी पाहिला होता आत. बाबा दार लावेपर्यंत परत उतरला असेल." दार बाबांनीच लावलं होतं. त्यांनी दोष मुकाट्याने स्वतःकडे घेतला.

मग मी माळ्यावर गेले. दोन वर्षं मला कुणी उलगडलं नाही. तिथल्या धुळीत मला रोज डावीकडे ओझं जाणवे, आणि जरा बरं वाटू लागलं की ते नाहीसं होई.

परवा आईने मला खाली काढलं. नव्या सहलीचा बेत ठरवायला सगळे माझ्यावर नकाशा पसरून बसले. टिकली आली, तिने मला हुंगलं आणि उजवीकडे अंग चोरून बसली. डावी बाजू तिने मोकळी ठेवली. माणसंही तिकडे सरकली नाहीत.

बाबा म्हणाले, "हा रस्ता नको. वळसा घालून जाऊ."

"तीन तास जास्त लागतील, बाबा!" धाकटी कुरकुरली.

"लागू देत. त्या पंपावरून माझ्याच्याने गाडी नेववणार नाही. दार मी लावलं होतं."

मुलगा बाबांकडे वळला. "बाबा, मी मागे पाहिलंच नव्हतं. हजर म्हणालो, ते न बघताच. नंतरचंही खोटं होतं."

बाबा ओरडले नाहीत, आणि 'असू दे' असंही म्हणाले नाहीत. मग बसमधल्या त्याच आवाजात म्हणाले, "हजेरी. टिकली?"

मुलाने वळून तिच्या पाठीवर हात ठेवला. "हजर."

"आजोबा?"

त्याने हात माझ्या रिकाम्या बाजूवर टेकवला. "नाही, बाबा. नाहीये तो."

बाबांनी पेन्सिल घेतली आणि पंपावरून जाणारा सरळ रस्ता रेघ ओढून पक्का केला.

मित्रांनो, मला झटका, ऊन दाखवा, मी अजून पुष्कळ वर्षं टिकेन. एवढंच मागते, की ज्याला बोलता येत नाही, त्याच्या वतीने हजर म्हणण्याआधी एकदा मागे वळून पाहा. आजोबाचं नाव घेतलं तेव्हा टिकलीने कान टवकारले होते. ती अजून दाराकडेच बघते आहे.