चार माळे

रोहा स्टेशनच्या बाजूची शेतजमीन रहिवासी झोनमध्ये घ्यायची आणि तिथं चार माळ्यांपर्यंत बांधू द्यायचं, असा ठराव वरसे गावच्या ग्रामसभेपुढं आला. आमचे पुंडलिकनाना लगेच उभे राहिले. नानांना बोलायची हौस भारी. त्यात आमच्याकडं माळा म्हणजे घरात कौलांखालची, शिडीनं चढायची अडगळीची जागा.

“माळ्यावर आमी कांदे ठेवतो, सुकी मासली ठेवतो,” नाना म्हणाले. “मानसं नाय ठेवत. हे चार माळे कोनासाठी?”

अख्खी सभा हसली. नानांचा मुलगा सुशील तेवढा हसला नाही. तो पनवेलला कामाला, रोज रोहा-दिवा गाडीनं जाणारा. नुकतंच लग्न झालेलं, आणि घर दोन खोल्यांचं. स्टेशनजवळ एखादी खोली मिळाली तर गाव सोडावं लागणार नाही, एवढंच त्याला सांगायचं होतं. तो उठलाही. पण हसण्याच्या भरात विरोधात हात वर झाले होते आणि ठराव पडला होता. विनोद बरा जमला म्हणून मत देणारी आमची माणसं.

सुशीलनं खोली खूप शोधली. शेवटी तो आणि बायको किमया पनवेलला राहायला गेले, एका इमारतीच्या चौथ्या माळ्यावर. सणाला सकाळी यायची, संध्याकाळी परत. झोपायला जागा कुठं होती?

“माज्या जिभेनंच घात केला,” नाना मला म्हणायचे. पूर्वीसारखं बोलणं राहिलं नव्हतं त्यांचं. वाईट वाटायचं.

शिमग्याच्या आधी त्यांनी घरचा माळा रिकामा केला. कांदे आमच्या पडवीत आणून टाकले. वर चुना मारला, दिवा लावला, नवी गादी घातली. दोघं आल्या आल्या त्यांनी सुनेला शिडीपाशी नेलं.

“बघ गो किमया. आता ऱ्हावा चार दिवस.”

किमयानं सुशीलकडं पाहिलं.

“तिला शिडी चढू नको सांगितलंय डॉक्टरनं,” सुशील हळूच म्हणाला. “तिसरा महिना हाय, नाना.”

नानांचा चेहरा खुलला. त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. मग जरा वेळानं विचारलं, “तुमच्या चौथ्या माळ्याला लिफ्ट हाय ना?”

“हाय.”

“मग बरं हाय.”

संध्याकाळी दोघांना गाडीत बसवून नाना आमच्याकडं आले, कांदे परत न्यायला.