लिदेची गाडी

“हे काय, सामान वाहायला आणलंय का?”

रायडिंग क्लबच्या फाटकात आत्या लगाम धरून उभी होती. लगामाच्या दुसऱ्या टोकाला एक बुटकं, पोट सुटलेलं तट्टू होतं आणि शेजारी तिची शाळकरी भाची. विचारणाऱ्या बाई क्लबच्या समितीवर होत्या. गावातल्या मोठ्या इस्पितळाच्या मुख्य सर्जनच्या त्या पत्नी. क्लबात त्यांना सगळे बाईसाहेब म्हणत, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

“सामान नाही, हिला शिकायचंय,” आत्या म्हणाली. “सभासद झालोय आम्ही. स्वतःचं जनावर आणलं तरी चालतं, असं ऑफिसात सांगितलं.”

“चालतं ना. पण जनावर म्हणजे...” बाईसाहेबांनी तट्टाभोवती एक सावकाश फेरी मारली. कितीही धुतलं तरी मातीतून नुकतंच उपटून काढल्यासारखा त्याचा रंग. छातीवर आणि खांद्यांवर, जिथं वर्षानुवर्षं गाडीचे पट्टे घासले होते, तिथं पांढरे केस उगवले होते. बाईसाहेबांनी त्या पांढऱ्या पट्ट्याला छडीचं टोक लावलं. “गाडीला जुंपलेलं दिसतंय.”

“माझ्या भावाची गाडी होती. बागेत लहान मुलांना फेऱ्या मारून आणायचा.”

“अस्सं. आणि नाव काय याचं?”

“बटाटा,” भाची मान ताठ करून म्हणाली.

मागे उभ्या असलेल्या आया हसल्या. बाईसाहेब हसल्या नाहीत. भाचीकडे वाकून त्या अगदी मायेनं म्हणाल्या, “पुढच्या वेळी मागच्या फाटकानं आण हं याला. लीद नेतात ना, त्या बाजूनं.”

“तिकडून घोडे येतात?”

“घोडे इकडून येतात, बाळ.”

परतताना भाचीनं विचारलं, “आत्या, तू काही बोलली का नाहीस?”

“हसणाऱ्याचे दात दिसतात,” आत्या म्हणाली. “आपल्याला शिकायचंय ना? मग फाटकाशी काय भांडायचं?”

आयुष्यात आत्या कशाशीच फारशी भांडली नव्हती. लग्न राहून गेलं होतं. इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत, कानाला यंत्र लावून ती वर्षानुवर्षं बसत आली होती. “जरा थांबा हं, जोडते,” हे तिचं दिवसभरातलं वाक्य. अख्ख्या इस्पितळाला तिचा आवाज माहीत होता, चेहरा जवळपास कुणालाच नाही. भाऊ अचानक गेला तेव्हा दोन जीव मागे राहिले, एक मुलगी आणि एक तट्टू. मुलीला नातेवाईकांपैकी कुणीतरी सांभाळलं असतं. तट्टाला विचारायला फक्त कसाई आला होता. आत्या दोघांनाही घेऊन आली. घरामागच्या कोळशाच्या कोठीत तट्टाची सोय केली. बाप गेल्यावर पोरगी बोलेनाशी झाली होती. ती पुन्हा बोलायला लागली ती कोठीतच, तट्टाच्या मानेत तोंड खुपसून. दाराआड उभं राहून आत्यानं ते ऐकलं होतं. म्हणून तर क्लबाची ही उठाठेव. पोरगी हसावी, एवढंच. आपल्या ऐपतीला हे नाकापेक्षा मोती जड आहे, हे तिलाही कळत होतं.

क्लबाच्या मास्तरांनी बटाट्याला रांगेत सगळ्यांत शेवटी उभं केलं. “बाकीचे घोडे बिचकतात,” ते म्हणाले. घोडे मुळीच बिचकत नव्हते. बिचकत होत्या त्या आया. पण पोरगी बसायची छान. तट्टू हट्टी, अडलं की खांबासारखं अडायचं. त्याला समजावता समजावता तिचे हात हलके झाले होते. मास्तर एकदा बोलूनही गेले, “हिच्याखाली खरा घोडा पाहिजे.” ते भाचीनं ऐकलं. त्या दिवशी घरी येताना ती तट्टाशी बोलली नाही.

मग एकदा आत्यानं कुंपणापलीकडून हाक मारली, “जरा थांब हं!” आणि बाईसाहेबांनी गर्रकन मान वळवली.

“हा आवाज मी कुठंतरी ऐकलाय. पुन्हा बोला बघू?”

“काय बोलू?”

“अगं!” बाईसाहेबांनी टाळी वाजवली. “तू आपल्या इस्पितळातली टेलिफोनवाली! रोज मला डॉक्टरसाहेबांना जोडून देतेस ना? आणि मी आपली इतके दिवस तुम्ही-तुम्ही करतेय!”

त्या दिवसापासून ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं ते कायमचं. मुलांनाही नवा खेळ मिळाला. बटाटा मैदानात आला की बाईसाहेबांची मुलगी मूठ कानाला लावून म्हणायची, “हॅलो, बटाटा आहे का घरी?” दुसरी कुणी नाकात उत्तर द्यायची, “जरा थांबा हं, जोडते. गाडीला जोडते!” मास्तर दुसरीकडे बघायचे. भाची आधी उलट उत्तरं द्यायची. नंतर ती गप्प झाली. त्यानंतर मात्र तिनं आत्याला सांगितलं, “तू कुंपणाशी उभी राहू नकोस. आणि हाक तर मारूच नकोस.”

आत्या रस्त्यापलीकडच्या बाकावर बसू लागली. तिथून मैदान दिसत नसे, पण पोरगी निघाली की लगेच कळे.

एका संध्याकाळी कामावरून आल्यावर आत्याला केसांच्या कलपाची बाटली सापडेना. कोठीत दिवा होता. भाची गुडघ्यांवर बसून, दात घासायच्या ब्रशानं तट्टाच्या छातीवरचे पांढरे केस रंगवत होती. हात, नाक, फ्रॉक, सगळं काळंतपकिरी. बटाटा शहाण्यासारखा उभा होता.

आत्याच्या ओठांवर आलं होतं की अगं, हे तुझ्या बापाच्या हातचे पट्टे आहेत. तिनं पोरीचा चेहरा पाहिला आणि ते गिळलं. ती खाली बसली, बाही वर केली. “असा नाही, केसांच्या दिशेनं फिरव,” ती म्हणाली. “मी स्वतःला लावते तसा.” दोघींनी मिळून तट्टाचं म्हातारपण झाकलं.

रविवारी सरावात तट्टाला घाम फुटला आणि रंग ओघळला. बाईसाहेबांच्या मुलीची पांढरीशुभ्र विजार त्याच्या खांद्याला घासली, तिच्यावर हा लांब तपकिरी डाग उमटला. मुलगी किंचाळली. बाईसाहेबांनी बोटानं रंग पुसला, वास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “कलप! तट्टाला कलप लावलाय!” हसणं मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेलं. मोतद्दार हसले, मास्तरही हसले. रस्त्यापलीकडे बसलेल्या आत्याला वाटलं, आज पोरं खेळीमेळीत आहेत.

त्यानंतर वाटलं होतं की पोरगी क्लबाचं नाव टाकेल. झालं उलटंच. वार्षिक स्पर्धा आली, संघातली एक मुलगी आजारी पडली, आणि बाईसाहेबांनी भाचीला बोलावून घेतलं. त्यांच्या दुसऱ्या घोड्यावर, उंच काळ्या सम्राटवर, बसायला कुणी नव्हतं.

“मला घेतलंय!” पोरगी धावतच घरात आली. कितीतरी महिन्यांनी ती आत्याच्या गळ्यात पडली. “सम्राटवर! मला!”

“बघ, म्हटलं नव्हतं मी?” आत्याचे डोळे भरून आले. “मग बटाट्याला काय सांगायचं?”

पोरगी गळ्यातून बाजूला झाली. “त्याला पण काम आहे. मीच सुचवलं.” ती भिंतीकडे बघत बोलत होती. “मैदानातली लीद उचलायला गाडी लागते. त्यांचा ट्रॅक्टर बिघडलाय. मी म्हटलं, आमचा बटाटा गाडी ओढतो. बाबांची गाडी आहेच अजून.”

आत्यानं हातातलं फडकं घडी करून ठेवलं.

“बाईसाहेब इतक्या खूश झाल्या! पण तो दुसऱ्या कुणाबरोबर चालत नाही, आत्या. तू धरशील ना त्याला? नाही म्हणालीस तर त्या मला काढतील.”

“असं म्हणाल्या त्या?”

“म्हणाल्या नाहीत. पण काढतील.”

कुठं घोडं पेंड खातंय ते आत्याला कळलं. तरी ती म्हणाली, “धरीन.”

स्पर्धेच्या दिवशी मैदानाभोवती झेंडे लावले होते, पाहुण्यांसाठी मांडव घातला होता. आत्यानं तट्टाला पट्टे चढवले तेव्हा त्यानं फुरफुरून कान टवकारले. बिचाऱ्याला वाटलं, बाग आली. भावाच्या गाडीचे छोटे बाक काढून टाकले होते, आत पत्रा ठोकला होता. दर फेरीनंतर आत्या आणि बटाटा मैदानात जात. आत्या फावड्यानं लीद उचलून गाडीत टाकी. बटाटा प्रत्येक थांब्याला मागे वळून बघायचा, मुलं कधी चढतात म्हणून.

“वा, टेलिफोनवाली, बढती मिळाली की!” मांडवातून कुणीतरी ओरडलं. हसू फुटलं. आत्यानं मान वर केली नाही. एवढं उचलायचं आणि घरी जायचं, असं ती स्वतःला बजावत राहिली.

भाचीची फेरी सुरेख झाली. सम्राटनं एकही अडथळा पाडला नाही. काळ्या कोटातली, मानेवर केस बांधलेली ती मुलगी आपलीच आहे यावर आत्याचा विश्वास बसेना. फावडं बगलेत धरून तिनं टाळ्या वाजवल्या. बाईसाहेबांनी पोरीला घोड्यावरूनच मांडवापुढे नेलं आणि पाहुण्यांशी ओळख करून दिली. गाडी तिथून सात-आठ पावलांवर होती. शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

“घरी कोण शिकवतं तुला?” पाहुण्यांनी विचारलं. “आणि ही गाडीवाली बाई सारखी तुझ्याकडेच बघतेय, तुमच्याकडची आहे का?”

पोरीनं आत्याकडे पाहिलं. मग बाईसाहेबांकडे.

“नाही,” ती म्हणाली. “ती इस्पितळात टेलिफोनवर असते.”

हे बटाट्याला काय कळणार? त्याला आवाज कळला. तो मोठ्यानं खिंकाळला आणि आत्याच्या हातून लगाम हिसकून गाडीसकट थेट पोरीकडे निघाला. गाडी खुर्च्यांना घासली, थोडी लीद गालिच्यावर सांडली. पाहुणे उठून मागे सरले. सम्राट बुजून मागच्या पायांवर उभा राहू लागला. बटाट्यानं आपलं ओलं नाक पोरीच्या चकचकीत बुटाला लावलं.

“हाकल त्याला!” बाईसाहेब ओरडल्या.

पोरीनं छडी उचलली आणि त्याच्या तोंडावर मारली. बटाटा हलला नाही, त्याला मार म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. तिनं पुन्हा मारली, या वेळी जोरात, डोळ्याखाली. तेव्हा तो मागे सरला. मांडवात कुणीतरी टाळी वाजवली. “शाब्बास! असं पाहिजे.”

आत्या आली. तिनं पाहुण्यांकडे पाहिलं नाही की पोरीकडे नाही. एकेक बक्कल सोडवलं, पट्टे उतरवले, तट्टाला गाडीपासून मोकळं केलं. भावाची गाडी तिनं लिदेसकट मांडवापुढे तशीच सोडली.

“ए, ही घाण कोण उचलणार?” बाईसाहेबांनी विचारलं.

आत्या तट्टाच्या मानेवर हात ठेवून चालू लागली. मागचं फाटक जवळ होतं. ती पुढच्या फाटकानं बाहेर पडली.

पोरगी संध्याकाळी बाईसाहेबांच्या मोटारीतून आली, कोटावर निळी फीत. आत्यानं ताट वाढलं. दोघी समोरासमोर बसल्या.

“लागलं का त्याला?” भात चिवडत पोरीनं विचारलं.

“डोळा सुजलाय.”

“मुद्दाम नाही मारलं मी.”

“मुद्दामच मारलंस. निदान माझ्याशी तरी खोटं बोलू नकोस.”

पोरीनं ताट सरकवलं. “मग काय करायला हवं होतं मी? तुझ्यासारखं जन्मभर तळघरात बसून ‘जोडते हं, जोडते हं’ करायचं? सगळे हसत होते, आत्या. रोज हसत होते! तुला काय, तू बाकावर बसायचीस!”

“तूच बसवलंस मला बाकावर.”

“हो,” पोरगी म्हणाली. “आणि तू बसलीस.”

आत्या उठली. तिनं ताटं उचलली. पोरगी उठून आतल्या खोलीत गेली, तिनं दार लावून घेतलं. कोठीत गेली ती आत्याच, गरम पाण्यात बुडवलेलं फडकं घेऊन.

दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजच्या खोलीत फोनच्या फळ्यावरचा दिवा पेटला आणि ओळखीचा आवाज आला. “अगं, काल तू मध्येच गाडी टाकून गेलीस. शोभलं का हे? आम्ही ती मोडून सरपणात टाकली शेवटी. आणि हे बघ, मुलगी आता आमच्याच घोड्यावर येईल. मोटार पाठवीन. तू काही येऊ नकोस.”

आत्यानं फळ्यावरची तार उचलली.

“डॉक्टरसाहेबांना जोडते,” ती म्हणाली.

रविवारी सकाळी घरापुढे मोटारीचा भोंगा वाजला. आत्या कोठीत तट्टाला खरारा करत होती. त्याच्या डोळ्याखालची सूज उतरली होती, केस मात्र तेवढ्या जागेचे गेले होते. मागच्या पायऱ्यांवर बुटांचा आवाज आला. बटाट्यानं मान उचलली, कान पुढे केले आणि खराऱ्याखालून निघून तो दाराशी जाऊन उभा राहिला.

बूट अंगणात थांबले. आत्यानं खरारा थांबवला. मग बूट घराला वळसा घालून पुढे गेले. मोटारीचं दार उघडलं, मिटलं.

बटाटा दारातून हलला नाही. आत्यानं त्याला हाक मारली नाही. ती खरारा घेऊन दाराशी गेली आणि तो उभा होता तिथंच त्याची राहिलेली बाजू करू लागली.