डावा पाय

लढाईच्या खंदकात, गुडघाभर पाण्यात आमचा तो अकरावा दिवस. पलटणीचा नियम असा, की रोज सकाळी जोडीदाराने जोडीदाराच्या पायांना व्हेल माशाचं तेल चोळायचं. स्वतःचे पाय स्वतः चोळायचे नाहीत, कारण थंडीत माणूस स्वतःलाच फसवतो. एकाचा पाय सडला तर शिक्षा दोघांना. तेलाला असा घाण वास, की तिथले उंदीरसुद्धा लांब पळत.

माझा जोडीदार सेथ ऑर्मरॉड. आमच्या गावी, बर्नलीच्या एकाच कापडगिरणीत आम्ही समोरासमोरच्या मागांवर नऊ वर्षं काढलेली. त्या सकाळी त्याने उजवा पाय माझ्या मांडीवर ठेवला आणि डावा बुटातच राहू दिला.

"डावा मी पहाटेच चोळला," तो म्हणाला.

"नियम काय आहे?"

"नियम गेला खड्ड्यात."

"आपणही खड्ड्यातच आहोत लेका. बूट काढ."

तो माझ्या कानाशी आला. "इनॉक, परवा माझी रजा आहे. पोरगी वर्षाची झाली, मी तिला अजून पाहिलेलं नाही. आजारी म्हणून नोंद झाली की यादीतून नाव गेलं."

"दुखतोय?"

"कालपासून अजिबात नाही. बरा होतोय बघ."

दुखणारा पाय वाचतो. दुखायचा थांबला की डॉक्टरची सुरी लागते, हे मी शेजारच्या तुकडीत पाहिलं होतं. सेथला सांगितलं, तर म्हणाला, "तुला काय, यादीत माझ्याखाली तुझंच नाव आहे." एवढं बोलून तो स्वतःच ओशाळला. पण बोलून गेला होता.

तेवढ्यात लेफ्टनंट फेअरबर्न तपासणीला आले. दोन रात्रींचं जागरण त्यांच्या डोळ्यांत होतं. दर जोडीसमोर थांबायचे, अर्धंमुर्धं बघायचे, पुढे जायचे.

"हॅवर्थ, ऑर्मरॉडचे दोन्ही पाय चोळलेस?" त्यांनी मला विचारलं.

सेथ माझ्याकडे बघत होता. एक 'हो साहेब', आणि परवा तो घरच्या बोटीवर. विष पायातून वर चढायला कितीसा वेळ लागतो? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मला त्याचा भयंकर राग आला. हे ओझं त्याने माझ्या गळ्यात का बांधावं?

"नाही साहेब. डावा पाहिला नाही."

बूट कापूनच काढावा लागला. मोज्याबरोबर कातडी आली. खाली सगळं निळंकाळं. साहेबांनी क्षणभर तोंड फिरवलं.

"पाय जाईल, माणूस राहील," स्ट्रेचरवाला म्हणाला.

स्ट्रेचर वळलंही नव्हतं, तोच सार्जंट यादी घेऊन आला आणि पेन्सिल चालवत मोठ्याने म्हणाला, "हॅवर्थ, परवा तू."

मी सेथवर वाकलो. "मी तुझ्या घरी जातो. पोरीला बघतो, तुला सगळं लिहून कळवतो."

"बघ," तो म्हणाला. "पण माझ्याआधी तिला उचलायचं नाहीस."

रजेतले आठ दिवस मी त्याची गल्ली टाळली. नवव्या दिवशी बाजारात त्याच्या बायकोनेच, हॅनाने, मला गाठलं. कडेवर पोर होतं, नाक थेट सेथचं.

"साहेबांचं पत्र आलं," ती म्हणाली. डोळे भरलेले. "तुम्ही वाचवलंत त्यांना. घ्या ना हिला."

पोरीने दोन्ही हात माझ्याकडे पसरले. मी माझे हात खिशात घातले.