पातेल्याच्या उंचीवर

मी एक थर्मोस्टॅट बोलतोय. बोलणं म्हणजे एवढंच: थंडी वाढली की ‘टक्’, ऊब पुरेशी झाली की पुन्हा ‘टक्’. पहिल्याने हीटर सुरू होतो, दुसऱ्याने बंद. तेवढंही दरवेळी बरोबर बोललो, असं छातीठोकपणे सांगवत नाही.

२००५च्या जानेवारीत जपानमध्ये, टोकियोजवळच्या ग्योतोकुच्या एका दुकानात दिगंबर आजोबांनी मला निवडलं. पुण्याच्या कॉलेजात तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून ते निवृत्त झालेले, हिवाळ्यापुरते मुलाकडे आलेले. मुलगा शशांक आयटी कंपनीत. सून ज्योत्स्ना मुंबईतली बँकेची नोकरी सोडून त्याच्याबरोबर आलेली. इथे आल्यापासून तिला पहिल्यांदाच काम मिळालं होतं: जवळच्याच निशी-कसाई भागातल्या मराठी बायकांच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चाळीस जणींच्या इडल्या. पण थंडीत पीठ फुगेना आणि स्वयंपाकघर इवलंसं. म्हणून रिकाम्या गॅरेजमध्ये हीटर लावायचं ठरलं.

आजोबा दुकानात तासभर उभे होते. माझ्या शेजारच्याला दोन मीटरची तार होती; तिच्या टोकाची ऊब मोजणारी घुंडी थेट पातेल्याशी ठेवता आली असती. पण त्याची बटणं जपानीत. माझ्यावर नुसती चकती आणि आकडे.

“हा मला कुणाला न विचारता वाचता येतो,” आजोबा म्हणाले. त्या घरात सारखं विचारत राहायचा त्यांना संकोच वाटे.

“बाबा, माझं लग्न ठरवायलाही तुम्हाला एवढा वेळ लागला नव्हता,” शशांक म्हणाला.

तो शेजारचाच घ्यायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

घर भाड्याचं, भिंतीला नवं भोक पाडायला घरमालकाची मनाई. जुना खिळा एकच, छताजवळ. आजोबांनी स्टुलावर चढून मला तिथे टांगलं, चकती तीसवर लावली. पातेलं खाली फरशीवर. गरम हवा वर येऊन माझ्याभोवती जमली की मी ‘टक्’ म्हणायचो आणि हीटर बंद व्हायचा. सकाळपर्यंत हेच.

आठला झाकण काढलं, तर पीठ जसंच्या तसं. आजोबांनी स्टुलावर चढून माझ्यापाशी हात धरला. इथे छान ऊब आहे, म्हणजे डाळच जुनी असणार, असं त्यांचं मत पडलं. चार वर्षांची नात सई पातेल्याशी उकिडवी बसली होती. थंडीला ती जपानी शब्दच वापरायची.

“आजोबा, इथे समुई.”

आजोबांनी स्टुलावरूनच खाली पातेल्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “गरम हवा वर जाते. तीस वर्षं फळ्यावर तेच बाण काढले मी. ज्योत्स्ना, डाळ चांगली आहे. चूक माझी आहे.”

हळदीकुंकू सहाला होतं. आज फसलं तर पुन्हा कुणी काम सांगणार नाही, हे ज्योत्स्ना आदल्या दिवसापासून म्हणत होती. तिने घड्याळ पाहिलं.

“बाबा, आधी खाली उतरा. तुम्ही पडलात तर इडल्या राहतील बाजूला.”

मला सुतळीने स्टुलाच्या पायाला, पातेल्याच्या उंचीवर बांधलं. आजोबा कोट घालून शेजारी बसले. दर दहा मिनिटांनी झाकण उघडू नका, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. तीनला पीठ चढलं. इडल्या जरा बसक्या झाल्या, पण डबे चार स्टेशनं पलीकडे वेळेवर पोचले. हळदीकुंकू ठेवणाऱ्या नीलिमाताईंनी पुढच्या महिन्यासाठीही विचारलं. इडली अजून हलकी हवी, असंही म्हणाल्या. आजोबांच्या मनात मात्र हे शेवटचं वाक्यच राहिलं.

चार वर्षं मी तिथेच बांधलेला होतो. दर हिवाळ्यात पुण्याहून आजोबांचा फोन येई आणि तब्येतीच्याही आधी ते विचारत, थर्मोस्टॅट खालीच आहे ना?

आता शशांकला कंपनीने परत भारतात बोलावलंय. माझी स्प्रिंग थकली आहे, ‘टक्’ उशिरा उमटतं. माझ्या जातीचा कुणी विकत घ्याल, तर आकडे नंतर वाचा. आधी वाकून, जिथे ऊब हवी तिथे हात ठेवून बघा. मला वाकता येत नव्हतं.

काल फोन आला. तोच प्रश्न. ज्योत्स्नाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “हो बाबा, खालीच आहे.”

खोटं नव्हतं. इथल्या रीतीप्रमाणे वेगळ्या बांधलेल्या, न जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत, दाराशी, फरशीवरच होतो मी.